सडक सतरा, क्वार्टर चार-बी

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

आज राजकुमार सरांनी केबिनमध्ये बोलावून सर्व्हरची जबाबदारी माझ्या गळ्यात घातली. दहा डिसेंबरला मान्यता देणारे तपासनीस येणार आहेत. आपल्या लॅबमध्ये अकरा जण एकाच नावाने कॉम्प्युटर उघडतात हे त्यांना दिसलं, तर नूतनीकरण होणार नाही. मान्यता गेली तर चुनखडीचे नमुने दुसरीकडे जातील आणि लॅब बंद पडेल. हे त्यांनी हसत सांगितलं, त्यामुळे जास्त भीती वाटली.

आठ वर्षं आमचं एकच नाव आहे, 'लॅब'. पासवर्डही सगळ्यांना पाठ. नमुन्यात सिलिका किती निघाली ते कोणीही भरतो, चुकलं तर कोणीही दुरुस्त करतो. घरातल्या पाण्याच्या माठासारखं होतं ते, कोणीही यावं आणि बुडवून घ्यावं. आता प्रत्येकाला वेगळं खातं द्यायचं. कोणी फक्त बघायचं, कोणी आकडे भरायचे, कोणी बदलायचे, हे ठरवायचं.

मी रसायनशास्त्राची बाई. सरांना म्हटलं, हे मला येत नाही. ते म्हणाले, "येण्याचा सवाल नहीं, भरोसे का सवाल है."

चव्वेचाळिसाव्या वर्षीही असं कोणी म्हटलं की मी विरघळते. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला.

सोमवार, ३ नोव्हेंबर

रायपूरच्या कंपनीतली गुंजन नावाची मुलगी दिवसभर फोनवर होती. ती सांगत गेली, मी करत गेले. अकरा खाती तयार झाली. जुनं 'लॅब' हे नाव बंद केलं. भरलेला आकडा बदलण्याचा अधिकार तिघांनाच ठेवला: सर, भय्याजी आणि मी. घरून सर्व्हर उघडायची सोय फक्त सरांना आणि मला. भय्याजींना ती नको, त्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही.

दुपारी भय्याजी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. आमच्यातले सगळ्यांत जुने केमिस्ट, बाबांच्या ओळखीतले. त्यांना बिलांचं पान उघडत नव्हतं. ते आजवर कधी त्यांना लागलंही नव्हतं.

"पोरी, तुह्या बापासंगं कॅन्टीनमंदी चाय पेलो मी. अन् तू मले 'अनुमती नाही' दाखवून राहिली?"

मी समजावलं की तो संदेश मी लिहिलेला नाही, यंत्रच तसं दाखवतं. ते म्हणाले, यंत्राले कोनं शिकवलं? आणि डबा न उघडता घरी गेले. त्यांना बिलांचं पान बघायचा अधिकार दिला. पुन्हा काढणार नाही, आता काही म्हणोत तपासनीस.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज सगळ्यांना बोलावून पासवर्ड ठेवायला लावले. आठ अक्षरं, त्यात आकडा हवा, नाव किंवा जन्मतारीख नको. दहा मिनिटं शांतता. मग एकेक जण यायला लागला, माझ्यासमोर टाइप करायला. मी "इकडे बघत नाही" म्हणत होते, पण दिसत होतंच.

सेक्टर दोन, सडक नऊ. सेक्टर सात, सडक एकतीस. सेक्टर दहा. अकरापैकी आठ जणांनी लहानपणच्या, स्टील प्लांटच्या क्वार्टरचा पत्ता ठेवला. ती क्वार्टरं कधीच सुटली. वडील रिटायर झाले, दुसऱ्या कोणाला मिळाली, दाराचे रंगही बदलले. पण आठवायला सांगितलं की सगळ्यांना तेच आठवतं. आणि भिलाईत कोण कुठल्या सडकेवर वाढलं हे कोणाला माहीत नसतं? लग्नाच्या बोलणीतही पहिला प्रश्न तोच.

मी सगळ्यांना रागावले. बदला म्हटलं. कमलेश हळूच म्हणाला, "दीदी, आपका भी सेक्टर पाच ही होगा."

सगळे हसले. मीही. माझाही तोच होता, सेक्टर पाच, सडक सतरा, चार-बी. मग कोणालाच बदलायला लावता आलं नाही. माझाही राहिला.

रविवार, ९ नोव्हेंबर

सुगत आला. राखीनंतर आज. अहिवारा काही लांब नाही, पण खाणीचं काम सुटीच्या दिवशीही असतं म्हणतो. आमच्या लॅबमधली नोकरी सोडून तिकडे सुपरवायझर झाला त्याला दीड वर्ष होईल. रीना आणि बाळ आले नाहीत, बाळाला सर्दी आहे.

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गुडघे दुखतात म्हणून चार दिवस ओट्याशी उभी राहिली नव्हती, आज वडा-भात केला. मला हात लावू दिला नाही.

जेवताना मी पासवर्डची गंमत सांगितली. सुगत खूप हसला. म्हणाला, "मंग तुहाही चार-बीच असन, ताई." मी त्याच्या वडा-भातावर फोडणीचं तेल वाढलं. दोन वर्षं त्याने तिथेच काम केलंय, त्याला सगळे माहीत आहेत, म्हणून सांगायला मजा आली. ऑफिसात आठवडाभर कोणी माझ्याशी धड बोललेलं नाही.

जेवून तो आतल्या खोलीत आडवा झाला. माझा लॅपटॉप तिथेच चार्जिंगला असतो. मी काढायला गेले तर म्हणाला, राहू दे, मले काही अडचन नाही. दोन तास निजला. पूर्वी त्याच्या घोरण्याने बाबा उठून बसायचे, "हे पोरगं हाय का गोटे फोडाचं क्रशर" म्हणायचे. आता आवाज नाही. वजन उतरलंय त्याचं. आईला सांगितलं तर तिला वाईट वाटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सहा दिवस. फक्त सहा दिवस टिकलं सगळं.

आज पाहते तर भट्टीच्या खोलीतल्या भिंतीवर कॅलेंडरच्या मागे अकरा जणांचे पासवर्ड लिहिलेला कागद. सुबक अक्षरात, ओळी आखून. भय्याजींचं अक्षर. मी विचारलं तर त्यांना कळेचना मी का चिडले. उद्या कोणी आजारी पडला तर त्याचं काम कोण करणार? क्वार्टरची किल्ली शेजारी ठेवत नव्हतो का आपण? तुमच्या चार-बीची किल्ली तर आमच्याकडेच असायची.

बरोबर आहे. आता राहतो त्या हुडको कॉलनीतल्या घराची किल्लीही शेजारच्या सिंधुताईंकडेच असते. त्यांच्या घराची आमच्याकडे. किल्ली मागितली आणि दिली नाही, तर माणूस तुटतो. मी हे त्यांना कसं सांगू की ही किल्ली तशी नाही?

कागद फाडला. चारच्या चहाला मला हाक मारली नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

सुगत पुन्हा आला. सलग दुसरा रविवार. आईने आजूबाजूच्या तीन घरांत सांगितलं. तिच्या गुडघ्याचं त्याने मनावर घेतलं असावं. मी त्याला जरा कमीच लेखत होते. जेवला, निजला, चहा घेऊन गेला. येताना आईला शेक द्यायची पिशवी आणली होती.

बरं वाटलं. एवढंच.

गुरुवार, २० नोव्हेंबर

वाईट दिवस. नीट लिहायचा प्रयत्न करते.

चुनखडी विकत घेणाऱ्या एका कारखान्याने तक्रार पाठवली. आम्ही पास केलेल्या दगडात त्यांच्याकडच्या तपासणीत सिलिका जास्त निघते. सात टक्क्यांच्या वर गेली तर तो दगड त्यांना चालत नाही. आम्ही सहा पूर्णांक चार लिहिलं, त्यांना नऊच्या जवळ सापडली.

मी हाताने लिहायची कच्ची वही काढली. वहीत आठ पूर्णांक नऊ. सर्व्हरवर सहा पूर्णांक चार. आणखी उलटून पाहिलं. या महिन्यात असे चार नमुने. वहीत नापास, सर्व्हरवर पास.

कोणी कधी काय बदललं याची नोंद सर्व्हरमध्ये आपोआप राहते, लॉग म्हणतात तिला. गुंजनने ती उघडायला शिकवलं होतं. उघडली. बदलणाऱ्याचं नाव चारही ठिकाणी एकच आहे.

अनुजा.

दोन बदल नऊ तारखेचे, दोन सोळाचे. वेळ दुपारी पावणेतीनच्या आसपास. दोन्ही रविवार. मी रविवारी कामाला हातही लावत नाही. मी घरी होते, भांडी घासत होते.

माझं नाव. सव्वीस वर्षांची असल्यापासून मी या लॅबमध्ये आहे, एक आकडा खोटा लिहिला नाही. तपासनीस हे बघतील तेव्हा त्यांना दुसरं काहीच दिसणार नाही. नोकरी जाईल, आणि पुन्हा कोणी माझ्या सहीवर दगडाचा तुकडाही तपासायला देणार नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

रविवारी लॅबमध्ये एकच माणूस असतो, भट्टी चालू ठेवायला. या महिन्यात ती ड्यूटी कमलेशची आहे. त्याने माझा पासवर्ड सगळ्यांसमोर सांगितलाच होता. तो कागदही त्याच्याच भट्टीच्या खोलीत होता.

रात्रभर हे जुळवत होते, सकाळी सरांना सांगितलं. सरांनी त्याला बोलावलं. मी तिथेच उभी होते. कमलेश मोहन नगरचा, घरी बायको आणि दोन मुली. बोलताना नेहमी हिंदीत जातो. आज मात्र मराठीत बोलला, आमच्या मराठीत, आणि माझ्याकडे बघून.

"दीदी, मले एक डाव विचारलं असतं त."

सरांनी त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. त्याचं खातं मीच बंद केलं. नावासमोरची खूण काढली, 'जतन करा' दाबलं. संपलं. एका माणसाला बाहेर काढायला इतकं कमी लागतं हे मला माहीत नव्हतं.

बरोबरच केलं. तरी दिवसभर हात धुवावेसे वाटत होते.

रविवार, २३ नोव्हेंबर

सुगत आला. आज जेवताना मी गप्प होते. आईनेच सगळं बोलून घेतलं. तो निजून उठल्यावर चहाच्या वेळी मी त्याला सगळं सांगितलं. कोणाशी तरी बोलायचं होतं, आणि लॅब त्याला माहीत आहे. वही, लॉग, माझं नाव, रविवार, कमलेश.

तो कपाकडे बघत ऐकत होता. मग विचारलं, "तेच्यात सगळं लिवलेलं रायते का? टाइम बी?"

मी म्हटलं, सगळं.

"कमलेश तसा वाटत नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "पन कोनाचं काय सांगता येते."

चहा तसाच ठेवून गेला. माझ्या काळजीने त्याचा चेहरा इतका उतरेल असं वाटलं नव्हतं. सांगायला नको होतं. त्याला त्याचे ताप कमी आहेत का?

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पुन्हा झालं. परवा, रविवारी, दुपारी दोन पन्नासला. आणखी दोन नमुने. नाव माझंच.

कमलेश चार दिवसांपासून घरी आहे.

गुंजनला फोन लावला. मी तिच्यावर ओरडलेच, की तुमचं यंत्र बिघडलंय. ती बिचारी शांत होती. म्हणाली, मॅडम, शेवटचा रकाना वाचा. मी तो आजवर वाचलाच नव्हता. त्यात नुसते आकडे आणि टिंबं असतात, मला वाटलं ते यंत्राचं स्वतःचं काही असेल. तिने सांगितलं की कोणत्या कॉम्प्युटरवरून काम झालं ते त्यात असतं. सहाही बदल लॅबमधून झालेले नाहीत. बाहेरून झालेत. कमलेशला बाहेरून उघडायची सोयच नाही, ती मीच ठेवली नव्हती.

मग तिने मला माझ्या लॅपटॉपचा क्रमांक काढायला लावला. मी वाचून दाखवला.

"मॅडम, ये तो आपका ही लॅपटॉप है. आपने ही किया होगा, भूल गई होंगी."

मी विसरले नाही. लॅपटॉप रविवारी कुठेही नेलेला नव्हता. आतल्या खोलीत होता, चार्जिंगला. घराला कुलूपही नव्हतं, आम्ही घरातच होतो. मी, आई आणि

बुधवार, २६ नोव्हेंबर

लिहवत नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आमच्याकडे नमुना येतो तो क्रमांकाने. दगड कोणाचा हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. पार्टीचं नाव फक्त बिलांच्या पानावर असतं, आणि पावती घेऊन गेलेल्या पार्टीला आपला क्रमांक माहीत असतो. आज ते पान उघडलं. सहा क्रमांक, एकच पार्टी. अहिवाऱ्याची. सुगतची खाण.

बंद केलेल्या 'लॅब' नावाचा जुना लॉगही पाहिला. वर्षभर त्या नावाने बाहेरून कोणीतरी येत होतं. महिन्यातून तीन-चारदा, दुसऱ्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवरून. पासवर्ड सगळ्यांना पाठ होता, लॅब सोडून गेलेल्यांनाही. तीन नोव्हेंबरला मी ते नाव बंद केलं. त्याच्या पुढच्या रविवारी सुगत घरी आला. राखीनंतर पहिल्यांदा.

मी वडा-भातावर तेल वाढत होते.

आई आजपासूनच विचारते आहे, येत्या रविवारी त्याच्यासाठी काय करू. तिचा गुडघा खरंच बरा झाला आहे.

शनिवार, २९ नोव्हेंबर

पासवर्ड बदलायला बसले. गुंजन म्हणाली होती, असा ठेवा जो घरातल्यांनाही सुचणार नाही.

अर्धा तास बसून होते. बाबांचा प्लांटमधला टोकन नंबर आईला माहीत. माझी शाळा, माझी पहिली सायकल, आवडती साडी, मोडलेलं लग्न आणि त्या गावाचं नाव, सगळं या घराला माहीत. मला वाटायचं मी मनातलं मनात ठेवणारी बाई आहे. पण कोणालाच माहीत नाही असं माझ्याजवळ काय आहे हे शोधायला लागले, तर कपाट उघडं आणि रिकामं.

शेवटी एक सापडलं. इथेही लिहीत नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

त्याला फोन केला नाही. म्हटलं, येतो का बघू. आला. लॅपटॉप रोजच्या जागी ठेवला होता.

जेवला, आत गेला. मी बाहेर लसूण सोलत बसले. माझी बोटं घड्याळासारखी चालत होती. दहा मिनिटांनी तो बाहेर आला. आई म्हणाली, काऊन रे, झोप नाही लागली? म्हणाला, गरम होऊन राहिलं. नोव्हेंबरच्या शेवटी.

आई सिंधुताईंकडे गेल्यावर तो माझ्यासमोर खाली बसला. मी म्हटलं, मी बदललाय.

तो कबूल करायला जराही थांबला नाही. मला वाटलं होतं नाही म्हणेल, मग मी ओरडेन. मालक म्हणाला होता, लॅब तुझ्या बहिणीची आहे, मग दगड फेल कसा होतो? दगड फेल झाला की पहिला सुपरवायझर जातो. बाळ झाल्यापासून दुसरी नोकरी शोधायची हिंमत नाही. दोन टक्के सिलिकेने कोणाचं काय जळते? शेवटी म्हणाला, "तुह्या नावानं केलं, कारन तुह्या नावावर कोनी शकच नाही करत."

हे त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. खरंच तशाच आवाजात.

"कमलेश घरी बसून आहे," मी म्हटलं.

"तू पुसू शकते ना ते? अधिकार तुह्याचकडं हाय."

मी लसणाची सालं गोळा केली. त्याला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. आई परत यायच्या आत तो गेला. चहा न घेता का गेला म्हणून ती माझ्यावरच रागावली.

सोमवार, १ डिसेंबर

पुसता येतं. तो खरं बोलला. गुंजनने मला सगळ्यांत वरचा अधिकार दिला आहे, लॉग साफ करायचा सुद्धा. ओळी निवडायच्या आणि एक बटण. सहा ओळी. कमलेशला निर्दोष ठरवून परत बोलावता येईल, यंत्राचा दोष म्हणता येईल. सर मानतील. भरोसे का सवाल है.

सहा ओळी निवडल्या. निळ्या झाल्या. तेवढ्यात भय्याजी जुन्या भट्टीची तक्रार घेऊन आले, मी पडदा खाली केला. ते गेल्यावर पुन्हा उघडलं. तोवर ओळी पांढऱ्या झाल्या होत्या. पुन्हा निवडल्या नाहीत.

मोठं काही मनात आलं नाही. फक्त कमलेशचं 'एक डाव विचारलं असतं' ऐकू येत राहिलं. मी त्याला विचारलं नाही, आणि ज्याला विचारायला हवं होतं त्याच्या पानात वाढत राहिले.

मंगळवार, २ डिसेंबर

सकाळी सरांना सगळं सांगितलं. छापलेला लॉग, कच्ची वही, सहा पावत्या. सुगतचं नाव मी उच्चारलं नाही, कागदावर लिहून दिलं. सरांनी कागद वाचला. मग म्हणाले, लॅपटॉप इथेच ठेवून जा. कारखान्याला आजच कळवावं लागेल.

सर म्हणाले, कमलेशला मी फोन करतो. मी म्हटलं, मी जाते. मोहन नगरला दुपारी पोचले. तो दारातच मोठीची सायकल उलटी करून चेन बसवत होता. मी उभ्यानेच सांगितलं, की तो तू नव्हतास, माझा भाऊ होता, आणि मी तुला विचारलं नाही. त्याने हात पुसले. आत बस म्हणाला नाही. बायको दाराआडून ऐकत होती. तिने पाणी आणलं, माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवलं.

मी ते पूर्ण प्याले. याहून वेगळं काही करता येत नव्हतं.

घरी आईला सांगितलं. तिने एकच विचारलं, "म्हंजे थो माह्यासाठी नवता येत?"



शनिवार, ६ डिसेंबर

संध्याकाळी विहारात गेलो. दरवर्षी बुद्धवंदना सुगत म्हणतो, बाबांनंतर तोच. आज आला नाही. रीनाचा फोन आला होता, त्याला खाणीवरून काढलं. ती माझ्याशी बोलली नाही, आईकडे फोन द्या म्हणाली.

आईने मेणबत्ती लावली आणि माझ्यापासून दोन माणसं सोडून बसली.

बुधवार, १० डिसेंबर

तपासनीस येऊन गेले. दोघे होते, एक बाई. सरांनी काहीही लपवलं नाही, हे मला अपेक्षित नव्हतं. बाईंनी लॉग ओळ न ओळ वाचला आणि मला विचारलं, हे पुसलं का नाही? मी म्हटलं, पुसणार होते. त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, दिसलं नाही.

मान्यता गेली नाही. तीन महिन्यांची मुदत, मग पुन्हा तपासणी. वर्षभराचे सगळे आकडे वहीशी ताडून बघायचे. माझ्याकडून खात्यांचं काम काढून घेतलं, आकडे बदलण्याचा अधिकारही. माझ्या नावावर लेखी ताकीद आहे.

काम आता कमलेशकडे आहे. दुपारी त्याने मला बोलावलं, नवं खातं उघडायला. खुर्ची दिली. म्हणाला, "दीदी, पासवर्ड डालो," आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी टाइप करून 'झालं' म्हणेपर्यंत वळला नाही. हे मी कोणासाठीच केलं नव्हतं.

भय्याजी हे बघत होते. त्यांचा नंबर आला तेव्हा तेही कमलेशला म्हणाले, "तिकडं पाय रे."

रविवार, १४ डिसेंबर

आईने सकाळी विचारलं नाही काय करू ते. भात-वरण लावलं. दोघींपुरतं.

साडेतीनला गाडीचा आवाज आला. आई उठली नाही, मीही नाही. सुगत आत आला, चप्पल काढून उंबऱ्यापाशीच थांबला. दाढी वाढलेली. हातात काही नव्हतं. आई म्हणाली, "जेवला का?"

नाही म्हणाला. तिने उरलेला भात तव्यावर परतून दिला, कांदा चिरून. तो खाली मान घालून जेवला. ताट स्वतः उचललं, स्वतः घासलं. माझ्याजवळून जाताना थांबला.

"ताई, आत पडू का जरासा?"

मी म्हटलं, पड.

आत चार्जिंगची वायर तेवढी भिंतीला लटकते आहे. लॅपटॉप लॅबमध्ये जमा आहे, कधी मिळेल सांगता येत नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. कमलेशच्या दारातलं पाणी मला अजून आठवतं, आणि बहुतेक पुढेही आठवेल. तीन महिन्यांनी माझी नोकरी असेल की नाही, माहीत नाही. हे सगळं मी ओसरीत बसून मनात मांडत होते, सुगतला एकेक ऐकवायचं म्हणून.

तेवढ्यात आतून तो आवाज सुरू झाला. आधी खरखर, मग मोठा, खिडकीची काच थरथरेल असा. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला.

"क्रशर," ती म्हणाली.

आणि पाय लांब करून गुडघा चोळायला लागली.